जयगडच्या समुद्रात उभ्या जहाजांपैकी नोंद कोणाची ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपतीपुळे ते जयगड या पट्ट्यात समुद्रात नांगरलेली मोठी जहाजं तुम्हाला रोज दिसतात आणि मोबाइलवर तुम्ही त्यांची नावं शोधता. आता कोकणच्या बंदरांत येणाऱ्या उल्लेखनीय मालवाहू जहाजांची एक वही करावी असं तुमच्या मनात आहे. त्यात सगळ्यांत लांब जहाजं घ्यायची का, ॲपवरची माहिती डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळत का नाही, आणि कॅमेरा-दुर्बीण घेऊन उभं राहिलं तर कोणी हरकत घेईल का, हेही तुम्ही विचारलंय. मी आधी मालवाहू जहाजांवर होतो आणि नंतर याच किनाऱ्यावर पायलट म्हणून जहाजं आत-बाहेर केली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिला प्रश्न खरं तर निवडीचा आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे. जहाज एकटं उल्लेखनीय नसतं. ते एखाद्या बंदरात येतं, तेव्हा त्या बंदराला काय जमतं आणि काय जमत नाही हे त्याच्यामुळे उघड होतं. जे जहाज हे दाखवतं ते वहीत घ्यावं. केवळ लांबी बघून यादी केलीत तर ती न्हावा शेवाला येणाऱ्या कंटेनर जहाजांनीच भरेल आणि जयगड, दाभोळ, रेडी, धरमतर यांतलं काहीच तिच्यात उतरणार नाही.

तरी लांबीपासूनच सुरुवात करू, कारण आकडे तिथे डोळ्यांत भरतात. 2024 मध्ये न्हावा शेवाला ‘एमएससी हॅम्बुर्ग’ आलं: 399 मीटर लांब, 54 मीटर रुंद, 16,652 टीईयू (म्हणजे वीस फुटी कंटेनर) क्षमतेचं. पुढच्याच वर्षी, जून 2025 मध्ये, केरळच्या विळिंजमला ‘एमएससी इरिना’ लागलं. त्याची क्षमता 24,346 टीईयू, आणि लांबी मात्र जवळजवळ तेवढीच, 399.9 मीटर. साडेसात हजार कंटेनर कुठे वाढले? काही रुंदीत, बाकीचे मुख्यतः थरांच्या उंचीत. इरिना 61 मीटरहून रुंद आहे. एका कंटेनरची रुंदी अडीच मीटरच्या आत असते, म्हणजे 54 मीटरच्या जहाजावर डेकवर आडव्या साधारण एकवीस रांगा बसतात आणि 61 मीटरच्या जहाजावर चोवीस. ती चोविसावी रांग उचलायला धक्क्यावरच्या क्रेनचा हात तेवढा लांब लागतो, आणि जहाज पूर्ण भरून आणायचं तर खाली पाणी लागतं. विळिंजमला किनाऱ्याजवळच खोल पाणी आहे. न्हावा शेवा मुंबईच्या खाडीत असल्यामुळे तिथला मार्ग उपसून पंधरा मीटरच्या आसपास आणावा लागला, आणि त्यात गाळ येतच राहतो. पालघर जिल्ह्यात वाढवणला 20 मीटर नैसर्गिक खोलीच्या जागी नवं बंदर बांधायचं कारण हेच. ऑगस्ट 2024 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. तेव्हा हॅम्बुर्गची नोंद करताना ‘399 मीटर’ एवढंच लिहू नका. किती ड्राफ्टने (म्हणजे पाण्यात किती मीटर बुडून) आलं आणि भरतीच्या कोणत्या वेळेला आत घेतलं, तेही लिहा.

आता तुमच्या दारातलं जयगड. शास्त्री नदीच्या मुखाशी धामणखोलच्या उपसागरात जेएसडब्ल्यूचं हे बंदर 2009 मध्ये सुरू झालं. इथे येणारी सगळ्यात मोठी कोरडा माल वाहणारी जहाजं केपसाइज वर्गातली असतात: सुमारे 290 मीटर लांब, 45 मीटर रुंद, पूर्ण भरल्यावर 18 मीटरच्या आसपास पाण्यात बुडालेली. जयगडच्या 1,200 मेगावॉटच्या वीज प्रकल्पाला लागणारा कोळसा इथे उतरतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी लोहखनिजही उतरतं, आणि त्यातलं काही थेट पारादीपहून भारताला वळसा घालून येतं. ओडिशाचं खनिज रेल्वेऐवजी समुद्रातून कोकणात येतं, ही मला या किनाऱ्यावरची फार महत्त्वाची गोष्ट वाटते. असं जहाज दिसलं तर त्याच्या नावापेक्षा ते कुठून आलं हे आधी लिहा.

केपसाइज आत आणताना पायलटच्या डोक्यात काय चालतं ते सांगतो, म्हणजे जहाजं बाहेर का थांबतात हे कळेल. अशा जहाजाच्या पाण्यालगतच्या भागाचं क्षेत्रफळ इतकं मोठं असतं, की ते एक सेंटिमीटर जास्त बुडवायला साधारण 120 टन माल लागतो. म्हणजे अर्धा मीटर जादा पाणी मिळालं तर सहा हजार टन माल जास्त आणता येतो. म्हणून माल पाठवणारा जहाज शक्य तितकं भरतो आणि उरलेलं पाणी भरतीने द्यावं अशी अपेक्षा असते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं. रत्नागिरीकडे चढउतार त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि दक्षिणेला तो आणखी कमी होत जातो. म्हणून इथे भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत भरलेल्या मोठ्या जहाजाला हाताशी फार थोडं पाणी असतं.

त्यात वेगाची भर पडते. उथळ मार्गातून चालताना जहाज आणखी खाली बसतं, आणि हे बसणं वेगाच्या वर्गाने वाढतं. भरलेलं केपसाइज सहा नॉटने चालवलं तर ते फूटभर बसेल, दहा नॉटने पाऊण मीटरच्याही पुढे. वेग कमी ठेवावा तर आडव्या प्रवाहात आणि वाऱ्यात सुकाणूची पकड सुटते. या दोन टोकांच्या मधे मार्ग काढायचा असतो आणि तोही भरती संपण्याआधी. पावसाळ्यात शास्त्रीचं गोडं पाणी मुखाशी उतरतं आणि गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. पूर्ण गोडं पाणी असेल तर या आकाराच्या जहाजाला फरक चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. मुखाशी पाणी मिसळलेलं असतं म्हणून तो तेवढा होत नाही, पण हिशेबात धरावाच लागतो.

हे सगळं तुम्हाला किनाऱ्यावरूनही वापरता येईल. आपल्याकडे मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, अष्टमीला सहाच्या आसपास. हा ढोबळ अंदाज आहे, भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाची जागा तो घेणार नाही. पण नांगरलेलं भरलेलं जहाज भरतीच्या तासा-दोन तास आधी नांगर उचलतंय असं दिसलं, तर ते पाण्यासाठी थांबलं होतं असं समजायला हरकत नाही. भरतीशी काही संबंध नसलेल्या वेळी आत आलं तर बहुधा धक्का रिकामा व्हायची वाट पाहत होतं, किंवा कागदपत्रांची. थांबण्याचं कारण ही मला नोंदीतली सगळ्यात किमती गोष्ट वाटते. जहाज ठरल्यापेक्षा जास्त अडकलं की रोजचं डेमरेज, म्हणजे उशिराची भरपाई, चढते, आणि ती शेवटी कोळशाच्या नाहीतर खनिजाच्या हिशेबात जातं.

जहाज कोणत्या वर्गाचं, हे ॲप न उघडताही कळतं. डेकवरची झाकणं मोजा, आम्ही त्यांना हॅच म्हणतो. नऊ हॅच आणि डेकवर एकही क्रेन नाही, तर बहुतेक केपसाइज. सात हॅच आणि सव्वादोनशे मीटरची लांबी, तर पॅनामॅक्स. पाच हॅच आणि मधे चार क्रेन, तर सुप्रामॅक्स किंवा त्याहून लहान. या क्रेनना फार अर्थ आहे. ज्या जहाजावर स्वतःच्या क्रेन आहेत ते साध्या धक्क्यावर किंवा समुद्रात उभं राहून बार्जमध्येही माल उतरवू शकतं. ज्यावर नाहीत ते बंदराच्या यंत्रांवर अवलंबून असतं.

मग भरलेलं की रिकामं? रिकाम्या जहाजाचा तांबडा रंग लावलेला खालचा पट्टा उघडा पडतो, पुढच्या टोकाखालचा फुगवटा पाण्यावर येतो, कधी पंख्याचं पातंही दिसतं. जयगडला केपसाइज भरून येतं आणि हलकं होऊन जातं. रेडीला खनिज चढवायला येणाऱ्या जहाजाचं नेमकं उलट: येताना रिकामं, जाताना भरलेलं. एकाच वर्गाचं जहाज दोन बंदरांत असं उलट्या अवस्थेत दिसलं की कोण काय मागवतं आणि कोण काय पाठवतं हे समोरच दिसतं.

पण हे बघायला उंचावर जावं लागतं, आणि तुमची माहिती जुळत नाही याचं एक कारण इथेच आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज दूर असतं ते तुमच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या, त्याला 3.85 ने गुणा, किलोमीटर मिळतील. पुळ्याच्या वाळूत उभे असाल तर डोळा पाण्यापासून दोन मीटर वर, क्षितिज जेमतेम साडेपाच किलोमीटरवर. वीस किलोमीटरवरच्या जहाजाचा खालचा चौदा मीटरचा भाग तुम्हाला दिसणारच नाही. म्हणजे सगळी बाजू पाण्याखाली गेलेली आणि वर नुसती माणसं राहायची इमारत. भरलेलं की रिकामं, हे वाळूतून ठरवूच नका. पन्नास मीटर उंचीच्या कड्यावरून क्षितिज 27 किलोमीटरवर जातं आणि तेच जहाज पूर्ण दिसतं.

ॲपचं म्हणाल तर त्याला माहिती मिळते जहाजावरच्या एआयएस यंत्राकडून. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या 300 ग्रॉस टनांवरच्या जहाजांना ते बंधनकारक आहे. स्थान, वेग आणि दिशा यंत्र आपोआप पाठवतं: चालू जहाज दर काही सेकंदांनी, नांगरलेलं दर तीन मिनिटांनी. पण ड्राफ्ट, पुढचं बंदर आणि पोहोचायची वेळ हे जहाजावरचा अधिकारी हाताने टाकतो. घाईत मागच्या प्रवासाचा ड्राफ्ट तसाच राहतो, आणि मग ॲप सांगतं जहाज अठरा मीटर बुडालंय आणि तुम्हाला तर तांबडा पट्टा दिसतोय. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवा. शिवाय फुकटच्या ॲपला किनाऱ्यावरच्या अँटेनांकडून माहिती मिळते. जिथे अँटेना नाही तिथे जहाज तासन्‌तास पडद्यावरून गायब होतं, प्रत्यक्षात ते जागचं हललेलंही नसतं.

आणि वहीत नावाच्या आधी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लिहा. नावं बदलतात, मालक बदलतात, झेंडे बदलतात. मागच्या बाजूला नावाखाली लिहिलेलं मोनरोव्हिया, माजुरो किंवा पनामा हे नोंदणीचं बंदर असतं. त्यावरून मालक कोणत्या देशाचा हे कळत नाही. सात अंकी आयएमओ क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो आणि तो जहाजावर ठळक लिहिलेला असतो. उतरवून घेताना चूक झाली का, हे तपासायची सोय त्याच्यातच आहे. पहिल्या सहा अंकांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा, बेरीज करा, बेरजेचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळायला हवा. उदाहरणार्थ 9074729: 63, 0, 35, 16, 21 आणि 4, बेरीज 139, शेवटचा अंक 9. जुळला.

इथवर पाहिलेल्या जहाजांत मुख्य गोष्ट पाण्याची आणि मालाची होती. पण काही जहाजं एखाद्या किनाऱ्याचं काम बदलायला येतात आणि ती यादीत हवीतच. 30 मार्च 2018 रोजी दाभोळला ‘मेरिडियन स्पिरिट’ लागलं. अमेरिकेतल्या सबाइन पासहून ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीच्या दीर्घकालीन करारातला द्रवरूप वायूचा पहिला माल त्याने आणला. उणे 162 अंशांवर थंड केलेला वायू, आकारमान सहाशेपट कमी झालेला, अटलांटिकपलीकडून वाशिष्ठीच्या मुखाशी! अंजनवेलच्या दीपगृहाजवळून ते टर्मिनल दिसतं, जाऊन बघा. तिथली लाटरोधक भिंत अपुरी होती तोवर पावसाळ्यात वायूची जहाजं दाभोळला लागत नसत, कारण लाटांनी हलणाऱ्या जहाजाला वायू उतरवायच्या नळ्या जोडून ठेवता येत नाहीत. त्या काळातल्या नोंदींत जून ते सप्टेंबर रिकामे दिसले तर ती तुमची चूक समजू नका.

दुसरं उदाहरण जयगडचंच. एप्रिल 2021 मध्ये ‘होएग जायंट’ आलं. 1,70,000 घनमीटर द्रवरूप वायू साठवणारं आणि जहाजावरच त्याचा पुन्हा वायू करणारं, म्हणजे धक्क्याला बांधून ठेवायचं तरंगतं टर्मिनल. तिथून दाभोळपर्यंत पाइपलाइनही टाकलेली होती. पुढे ते जहाज ब्राझीलला गेलं. जमिनीवर टाक्या बांधल्या असत्या तर त्या जागेवरून हलल्या नसत्या. तरंगतं टर्मिनल लवकर येतं आणि तितक्याच लवकर जाऊही शकतं. त्याच्या येण्याइतकीच त्याच्या जाण्याची तारीखही नोंदवण्याजोगी आहे.

लहान जहाजांकडे दुर्लक्ष करू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती. जयगडला उतरलेलं खनिज आणि कोळसा पुढे आठ-आठ हजार टनांच्या लहान जहाजांतून उत्तरेला जातो आणि अंबा नदीतून धरमतरला, डोलवीच्या कारखान्याच्या दारात पोहोचतो. ही जहाजं कोणाच्या फोटोत नसतात. पण एक केपसाइज रिकामं करायला अशा वीसेक फेऱ्या लागतात, आणि त्या चुकल्या तर मोठं जहाज येऊन उपयोग नाही. तसंच पावसजवळच्या रनपारला फिनोलेक्सच्या जेटीवर येणारी रसायनांची जहाजं. आकाराने ती मध्यमच असतात, पण पीव्हीसीचा कच्चा माल थेट कारखान्यासमोर उतरवतात.

अपघातातली जहाजं घ्यावीत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. घ्यावीत, मात्र वेगळ्या पानावर. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ बाहेर जाताना आणि ‘खलिजिया 3’ आत येताना धडकलं. चित्रा कललं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. मुंबई पोर्ट आणि न्हावा शेवा यांचा समुद्राकडचा मार्ग सामाईक आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळलं. तुमच्या रत्नागिरीत 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हा छोटा टँकर मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन बसला आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच होता. व्यापाराच्या दृष्टीने त्याचं महत्त्व शून्य. पण बंद पडलेलं जहाज पावसाळ्याच्या तोंडावर उघड्या किनाऱ्याशी नांगरून ठेवलं तर काय होतं, याचं त्याहून स्पष्ट उदाहरण मिऱ्याच्या माणसाला दाखवायला नको.

वहीचा आराखडा तुम्ही काय करणार यावर ठरेल. नुसता छंद असेल तर आयएमओ क्रमांक, नाव, वर्ग आणि तारीख पुरे. व्यापार समजून घ्यायचा असेल तर कुठून आलं, कोणता माल, येतानाचा आणि जातानाचा ड्राफ्ट, नांगरावर किती वेळ, तिथी आणि भरती, हे रकाने वाढवा. दोन्ही ड्राफ्टमधल्या फरकावरून उतरलेल्या मालाचा अंदाज बांधताना सावध राहा. माल उतरवता उतरवता जहाज समतोलासाठी टाक्यांत समुद्राचं पाणी घेतं, त्यामुळे वजाबाकी करून आलेला आकडा खऱ्या मालापेक्षा बराच कमी असतो. सुरुवात पावसाळ्यानंतर करा. हवा स्वच्छ असते, आणि जून-जुलैच्या बंदीनंतर मच्छीमार समुद्रात परतलेले असतात. रात्रभर त्याच पाण्यात असणारे तांडेल कोणतं जहाज किती दिवस उभं आहे हे तुम्हाला ॲपपेक्षा नेमकं सांगतील.

शेवटी कॅमेऱ्याचं. बंदराच्या कुंपणाच्या आतली जागा आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांखाली येते, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका आणि ड्रोन तर आसपासही उडवू नका. कऱ्हाटेश्वराचं देऊळ, जयगड-तवसाळ फेरीबोट, गणपतीपुळ्याचा कडा या जागा सार्वजनिक आहेत. तिथून जहाजांकडे दुर्बिणीने बघण्यात वावगं काही नाही. तरी धक्का, कुंपण, चौक्या किंवा तटरक्षक दलाच्या नौका फोटोत घेऊ नका. सागरी पोलिसांनी विचारलं तर वही उघडून दाखवा. कोणी थांबायला सांगितलं तर त्या दिवशी थांबा आणि लेखी परवानगीसाठी बंदराच्या कार्यालयात अर्ज द्या. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र सोबत जोडा.